‘साधा खोकला’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

किडनी प्रत्यारोपणानंतरच्या न्यूमोनियावर मी लिहिलं, त्यावर ‘एक सोलापूरकर’ म्हणतात: “घाबरवायचा धंदा बंद करा. माझ्या मेव्हण्याची किडनी बदलून ४ वर्षं झाली. कडबा भरतो, गड्ड्याच्या जत्रेला जातो. साध्या खोकल्याला गल्लीतल्या डॉक्टरचा ५ दिवसांचा कोर्स बास होतो. आणि लसींचा खर्च कोण देणार?”

‘धंदा’ हा शब्द लागला. १४ वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभी राहून या रुग्णांच्या चिठ्ठ्या वाचतेय, कुणाला भीती विकलेली नाही. पटत नसेल तर मुद्द्यावर बोला, माणसावर नको. लेखाचं शीर्षक भडक होतं, एवढं मान्य. ते बदललंय.

आता तो ५ दिवसांचा कोर्स. त्यात कुठली गोळी असते, हे कधी विचारलंत? क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक असेल तर घात आहे. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं टॅक्रोलिमस या रुग्णांना चालू असतं. ते शरीरात ज्या एन्झाइममुळे मोडतं, त्यालाच ही गोळी अडवते. डोस तोच राहतो आणि रक्तातली पातळी काही दिवसांतच चढते. हात थरथरतात, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढतं, बसवलेल्या किडनीलाच इजा होते. ॲझिथ्रोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकमुळे पातळी सहसा एवढी चढत नाही, पण टॅक्रोलिमस चालू आहे हे डॉक्टरांना कुणी सांगितलं तरच ते निवडतील ना? टीबीवरचं रिफाम्पिसिन नेमकं उलट करतं: पातळी पाडतं, आणि शरीर किडनी नाकारू लागतं. वर अंगदुखीला डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घेतली की किडनीचा रक्तपुरवठा घटतो. पातळी तपासायची तर रात्रीच्या डोसनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यायचं. गोळी घेऊन दिलेल्या रक्ताचा आकडा फसवा येतो.

आणि खोकला ‘साधा’ आहे हे ठरवलं कुणी? प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू असताना ताप दबलेला राहतो. न्यूमोसिस्टिस या बुरशीमुळे होणाऱ्या न्यूमोनियात कोरडा खोकला येतो, जिना चढताना धाप लागते, आणि सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ असू शकतो, सीटी स्कॅनमध्ये दिसतं. बसल्या जागी ऑक्सिजन ९६ दाखवतो, अंगणात चार फेऱ्या मारल्या की ९० वर येतो. म्हणून बोटाला ऑक्सिजन मापक लावून रुग्णाला चालवून बघा, असं लेखात लिहिलं होतं. हाच न्यूमोनिया टाळायला प्रत्यारोपणानंतर पहिले ६ ते १२ महिने कोट्रायमॉक्साझोल हे औषध देतात.

मेव्हणे ठणठणीत आहेत, ते तसेच राहोत. पण कडब्याच्या गंजीतली तळाची ओलसर पेंढी सोडताना करडी धूळ उडते ती बघा. त्यात बुरशीचे बीजाणू असतात, ॲस्परजिलसचेही. तुम्ही-आम्ही खोकून मोकळे होतो, त्यांच्या फुप्फुसात ती बुरशी रुजू शकते. ते काम दुसऱ्याला सांगा. तोंडाला बांधलेला टॉवेल तिथे पुरत नाही, नाइलाज असेल तर एन-९५ मास्क.

गड्डा, लसी, खर्च हे सगळं मूळ लेखात आहे. नीट वाचून मग बोला.

मेव्हण्यांच्या खिशात एक चिठ्ठी ठेवा: चालू औषधं, डोस, शेवटची टॅक्रोलिमस पातळी, क्रिएटिनिन, प्रत्यारोपण केंद्राचा नंबर. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला, किंवा ताप नसतानाही धाप लागली, तर गल्लीतल्या डॉक्टरांकडे जरूर जा. पण त्यांनी गोळी लिहिण्याआधी त्या नंबरवर फोन लागला पाहिजे.