बंद पाळण्याचं चालू तिकीट

सुट्टीत पोरांना घेऊन मोठ्या थीम पार्कला जायचा विचार चाललाय ना? जा की, जरूर जा. मी भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी जाऊन आलोय. पार्कचं नाव सांगत नाही, उद्या नोटीस आली तर वकिलाला द्यायला खिशात काही उरलेलं नाही. पण तळपायाचे फोड अजून ताजे आहेत, तेवढ्यात चार युक्तीच्या गोष्टी सांगून ठेवतो.

नाशिकहून पहाटे साडेचारला निघा. जून २०२५ मध्ये समृद्धी इगतपुरीपासून आमण्यापर्यंत खुली झाली, त्यामुळे कसारा घाटातले ट्रक चुकतात आणि बराच वेळ वाचतो. तो वाचलेला वेळ पार्कच्या पार्किंगच्या लाईनीत सत्कारणी लागतो. पार्किंगचे पैसे वेगळे, ते विचारू नका.

तिकीट ऑनलाइनच काढा. पहिल्या पानावर १,४९९ दिसतं, मन प्रसन्न होतं, मग चार पानं पुढे गेलं की त्यावर १८ टक्के जीएसटी चढतो आणि आकडा १,७६९ वर जातो. कुरकुर करू नका, २०१७ ला जीएसटी आला तेव्हा थीम पार्कला २८ टक्के होता, जानेवारी २०१८ मध्ये १८ केला, तेव्हा आभारच माना. वर कन्व्हिनियन्स फी. आपल्याच मोबाईलवर आपल्याच बोटाने तिकीट काढलं तर कन्व्हिनियन्स नेमका कोणाचा झाला, हे मला घोटीपर्यंत कळलं नव्हतं, अजूनही कळलेलं नाही.

म्हातारं माणूस सोबत न्याच. माझी आई बहात्तर वर्षांची, गुडघे गेलेले, राईडचा प्रश्नच नव्हता. सिनियर सिटिझन सवलत धरूनही तिचे हजारावर गेले आणि त्यात तिने दिवसभर एका बाकड्यावर बसून आमचे बूट आणि पिशव्या सांभाळल्या. यापेक्षा लॉकर स्वस्त पडला असता, फक्त लॉकर "दमलास का रे" असं विचारत नाही.

पोराची उंची घरी मोजू नका, तिथे दोनदा मोजतात. खिडकीवर बूट घालून, केसांच्या कोंबड्यासकट मोजली, एकशे चाळीसची रेघ ओलांडली, पूर्ण तिकीट. आत राईडपाशी "बूट काढ बेटा", आणि रेघेच्या खाली, बसता येणार नाही. म्हणजे खिडकीपासून राईडपर्यंत चालता चालता माझा पोरगा दोन इंच झिजला. मग दुसऱ्या राईडवर त्याला चालतं म्हणाले म्हणून तिकडे पळालो.

करंज्या नेऊ नका, गेटवरच्या टेबलावर जप्त करंज्यांचं आधीच प्रदर्शन भरलेलं असतं.

आता मुख्य सल्ला, राईडचा. सकाळी दहाला आत शिरलात की नकाशा घ्या, सुंदर रंगीत नकाशा असतो, आणि पेनाने फुल्या मारत चला. आम्ही दुपारपर्यंत सात फुल्या मारल्या. एकीवर "तात्पुरती बंद" असा कागद होता, उन्हाने इतका विटलेला की "तात्पुरती" हा शब्दच उडून गेलेला, नुसतं "बंद" राहिलं होतं. निदान कागद तरी खरं बोलत होता. एका झुलत्या जहाजाच्या सीटवरच्या दांड्याला कोळ्याचं जाळं होतं, मी बोट लावून बघितलं, चांगलं जुनं जाळं.

आणि ती मोठी कोस्टर, जिचा फोटो हायवेवर प्रत्येक होर्डिंगला आहे. लाईनीत लागलो तर पुढे सातशे तरी माणसं. मी अंबडला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, मशीन दिसली की आपोआप हिशोब सुरू होतो. वीस सीटची गाडी, चार मिनिटांनी एक सुटते, म्हणजे तासाला तीनशे माणसं. आता अशा रुळाचे टप्पे पाडलेले असतात, एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडतात, त्यामुळे दोन गाड्या बिनधोक फिरतात, एक भरते तोवर दुसरी वर असते. मग दुसरी कुठाय? शेडमध्ये. निळी ताडपत्री पांघरून. चाकं काढलेली, एक चाक बाजूला पडलेलं, त्याचं रबरासारखं वेष्टण पार सोलून निघालेलं. ही चाकं झिजायचीच, झिजावीत म्हणूनच ती वेष्टणं असतात, पण त्याचं स्पेअर स्टोअरला ठेवायचं असतं हो, आमच्या साहेबाने असं एक मशीन आठवडाभर लोळवलं असतं तर त्यालाच ताडपत्री घातली असती.

बरं, लाईनीतून एक गोड मुलगी फिरत होती, "सर, फास्ट पास घ्या, नऊशे रुपये पर पर्सन, डायरेक्ट एन्ट्री." आणि तिथे माझी ट्यूब पेटली. एक गाडी बंद, म्हणून लाईन दुप्पट. लाईन दुप्पट, म्हणून पास खपतो. मग दुसऱ्या गाडीची चाकं बसवायची घाई कोणाला असेल? आमच्याकडे ब्रेकडाऊन झालं की प्रॉडक्शनवाले बोंबलतात, इथे ब्रेकडाऊन झालं की काउंटरवर विक्री होते.

सव्वादोन तास उभे राहिलो. पोराला सांगत होतो, गाडी वर चढताना टकटकटक आवाज येतो ना, ते खटके आहेत, साखळी तुटली तरी गाडी मागे येऊ नये म्हणून. त्याचे डोळे असे झाले होते. आमच्या पुढे दोन फेऱ्या उरल्या आणि टकटक मध्येच थांबली. गाडी चढावर उभी, वरची माणसं फिक्या तोंडाने हसतायत, खाली राईड चालवणारा पोरगा वॉकीटॉकीवर "सेन्सर, सेन्सर". अर्ध्या तासाने शिडीवरून एकेकाला उतरवलं आणि साखळी आडवी लावली. आज बंद. फास्ट पासवाले पण बंद, त्यांना मात्र पास उद्या वापरा म्हणाले. उद्या! नाशिकहून!

नवरात्रात कालिकेच्या यात्रेत ऐंशी रुपये देऊन आकाशपाळण्यात बसलो होतो. तिथला माणूस पहिल्या फेरीआधी डबा घेऊन वर चढला आणि ग्रीस लावून खाली आला, मी डोळ्यांनी बघितलं. त्याचे नटबोल्ट तपासायला गेलो नाही, गेलो असतो तर बसलो नसतो, ते जाऊ द्या. पण पाळणा बंद असता तर त्याने ऐंशी रुपये घेतले नसते एवढं नक्की.

आता सल्ले पुरे झाले. राईड बंद ठेवली याचा राग नाही मला. मशीन आहे, बिघडणार, आणि सेन्सर बोंबलला तर बंदच करायची, तो बायपास करून गाडी सोडली असती तर मीच तिथे पहिला भांडलो असतो. पण सात राईड बंद आहेत हे तुम्हाला सकाळी साडेनऊला माहीत होतं ना? मग तिकिटाच्या खिडकीवर लिहायला काय झालं? वेबसाइटवर सणाच्या दिवशी भाव वाढवता येतो, मग जवळजवळ पाव पार्क बंद असताना कमी करायला बटण नाही का? दर बघून बघून आई विचारत होती, "एवढ्यात काय काय मिळतं रे?" काय सांगू तिला? चोर आहात तुम्ही, सरळ सरळ चोर, नकाशा छापता तीस राईडचा आणि पैसे घेता तीसचे आणि चालवता तेवीस. आणि आपण पण कमी नाही, गेटवर सेल्फी काढून "फुल्ल धमाल" टाकणाऱ्यांत मी होतो, सकाळी नऊ पन्नासला.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला तक्रार टाकलीय. जिल्हा आयोगात पाच लाखांच्या आतल्या तक्रारीला फी लागत नाही, तिथेही जाणार आहे. पार्कचा मेल आला काल. "आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे", सोबत पुढच्या भेटीसाठी दहा टक्क्यांचं कूपन, सोमवार ते गुरुवार, खाली बारीक अक्षरात राईड्स उपलब्धतेनुसार.

कूपन ठेवा तुमच्याकडे. त्या ताडपत्रीखालच्या गाडीला चाकं बसवा आधी.