लॅपटॉप फ्रीजमध्ये ठेवू नका

उन्हाळा लागला की सोलापुरात एक मेसेज फिरायला लागतो. त्यात लिहिलेलं असतं: लॅपटॉप तापून बंद पडतो तो इथल्या उन्हामुळे, दुरुस्तीत पैसे घालू नका. दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, खाली ओला टॉवेल घाला, तरी थांबलं नाही तर व्हायरस समजून फॉरमॅट मारा. मी लॅपटॉप दुरुस्त करतो. हे उपाय करून बोर्ड घालवलेली माणसं माझ्याकडे येतात, म्हणून लिहितोय.

उन्हाचा दोष, हे अर्धंच खरं. मे महिन्यात इथं पारा 42च्या वर जातो आणि बहुतेक लॅपटॉप 35 अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात. पण खोली 10 अंशांनी तापली तर प्रोसेसरही साधारण तेवढाच जास्त तापतो. त्याची मर्यादा बहुधा 100च्या आसपास असते. एरवी 75वर चालणारा 85वर जाईल, बंद पडणार नाही. मर्यादेजवळ गेल्यावर तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, तेवढ्यानं भागलं नाही तरच यंत्र बंद होतं. तेव्हा मे महिन्यात बंद पडणारा लॅपटॉप डिसेंबरातही जेमतेम तग धरून असतो.

खरं कारण बहुतेक वेळा आत साचलेलं असतं. पूर्व भागातल्या एका घरात खाली यंत्रमाग, वर मुलीची अभ्यासाची खोली. ती म्हणाली, "काका, फॅन तर फिरतोय, आवाजपण येतोय." उघडून बघितलं तर पाती ठीक होती. पण फॅनसमोर तांब्याच्या नळीला जोडलेली जी बारीक पत्र्यांची जाळी असते, तिच्या तोंडावर थर बसला होता. चिमट्यानं ओढला तर बोटभर लांब पट्टी अखंड हातात आली, नमद्यासारखी घट्ट, आणि तिच्यात चादरीच्या सुताचे लाल-हिरवे तंतू वेगवेगळे दिसत होते. जाळी साफ केली, प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीकडे नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडू झाली होती, ती बदलली. 97वर जाणारा प्रोसेसर त्याच कामाला 74वर थांबला. बाहेरून फुंकून हा थर निघत नाही, उलट फॅनमध्ये शिरतो. ब्लोअर मारायचाच तर लॅपटॉप बंद करून, पाती धरून मारा, नाहीतर बेअरिंग जातं.

फ्रीजचा सल्ला सगळ्यात घातक. थंड झालेला लॅपटॉप बाहेर काढला की पाण्याच्या तांब्याला सुटतो तसा घाम त्याला सुटतो, आतल्या बोर्डलासुद्धा. त्यावर बटण दाबलं की शॉर्ट झालाच म्हणून समजा. ओल्या टॉवेलचंही तेच, शिवाय खालच्या जाळ्या झाकल्या जातात. कोरडी सोलापुरी चादरसुद्धा नको. लाकडी पाट घ्या.

फॉरमॅटनं धूळ निघत नाही. एखादा प्रोग्रॅम मागे गुपचूप चालून प्रोसेसर तापवतो, हे खरं आहे, पण ते टास्क मॅनेजरमध्ये लगेच दिसतं. त्यासाठी मुलांचे प्रोजेक्ट पुसू नका.

आधी एवढं करा. एचडब्ल्यूमॉनिटरसारखं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावा, काम सुरू करा आणि हात बाजूच्या झरोक्यापाशी धरा. आकडा 95, पण वारा नुसता नावाला येतोय: जाळी तुंबलीय किंवा फॅन गेलाय. वारा जोरात पण फारसा गरम नाही, आणि आकडा तरी 95: पेस्ट वाळलीय किंवा हीटसिंक, म्हणजे ती नळी आणि जाळी, नीट बसलेली नाही. आकडा 60 असताना बंद पडला, तर दोष उष्णतेचा नसण्याचीच शक्यता जास्त; चार्जर, बॅटरी, रॅम तपासा. दुरुस्तीपर्यंत काम अडलं असेल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 99 टक्के करा. टर्बो, म्हणजे प्रोसेसर गरजेला घेतो तो जादा वेग, बंद होतो; काम मंदावतं, पण आकडा उतरतो.

आणि तळ फुगलेला दिसला किंवा टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला, तर यातलं काहीच करू नका. बॅटरी फुगलीय. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, तळ दाबू नका आणि त्याच दिवशी बॅटरी काढून घ्या, जाणत्या माणसाच्या हातून.