‘बाकी चालू द्या’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

तासन्‌तास गेम खेळणाऱ्यांनी हेडफोन कसा निवडावा, यावर मागे एक लेख लिहिला होता. त्यावरच्या एका प्रतिक्रियेला तिथेच दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून इथे स्वतंत्र लिहितोय. लिहिणाऱ्यांनी नाव दिलेलं नाही. प्रतिक्रिया जशीच्या तशी अशी:

“दादा, लेख वाचला. अर्धा लेख नुसता ग्रॅम आणि कुशनवर. नवीन चप्पलपण चार दिवस चावते, मग बसते. हेडफोनचं तसंच आहे, उगाच कानाचे लाड कशाला? ओपन-बॅक सुचवलंय, पण आपल्याकडे कूलर, पंखा, घरभर माणसं, तिथे ते कोण वापरणार? माइकबद्दल एक अक्षर नाही. दहा-पंधरा हजारांचं मॉडेल सांगताना लोकांच्या खिशाचाही विचार करावा. बाकी चालू द्या.”

आधी शेवटच्या तीन शब्दांबद्दल बोलतो, कारण खरं सांगायचं तर बोचले ते तेच. ‘बाकी चालू द्या’ हे आपण कधी म्हणतो? लग्नाच्या मांडवात कुणीतरी हौशी माणूस माइक सोडत नसतो, आपल्याला जेवायला जायचं असतं, तेव्हा. ज्यानं विचारलं नाही त्याला मी काही सांगायला गेलो नव्हतो. तुम्ही स्वतः येऊन वाचलंत. पटलं नसेल तर पटलं नाही म्हणा, कुठे चुकलं ते दाखवा, मी ऐकून घेईन. सुरुवातीला ‘दादा’ म्हणून हात धरायचा आणि जाताना टपली मारायची, हा प्रकार मला जमत नाही आणि आवडतही नाही.

माइकचं म्हणणं मान्य. एक परिच्छेद हवा होता. ज्यांना संघात बोलत खेळायचं आहे त्यांनी साधा हेडफोन घेतला तर माइक वेगळा घ्यावा लागतो, तो टेबलावर ठेवा नाहीतर हेडफोनला चिकटवा, हे मी लिहायला हवं होतं. लेखात आज भर घातली आहे. तुमचे आभार.

आता चप्पल.

नवीन चप्पल चावते आणि मग बसते, हे खरं. पण का बसते याचा विचार केलात? कोल्हापुरीला आपण तेल लावतो, पाण्याचा हात फिरवतो, कातडं मऊ पडतं, पट्टा पायाच्या आकारात ओढला जातो. म्हणजे बदलते ती चप्पल. आणि पायाची कातडी मुळातच घट्टे पडून जाड होणारी आहे. कानाची पाळी आणि वरची कूर्चा तशी नाही. तिथे घट्टा पडत नाही. कूर्चेवर पातळ कातडी ताणलेली असते, मधे मांसाची गादी नाही. तासभर काही टोचलं तर ते दुखतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच टोचलं तर आणखी लवकर दुखतं. ‘बसणं’ वगैरे काही होत नाही.

हेडफोनमध्ये मात्र वापरून बदल होतो, आणि तुमची उपमा आपटते ती इथे. दोन गोष्टी बदलतात. एक म्हणजे हेडबँडची पकड थोडी सैलावते. ज्यांची पट्टी पोलादी आहे त्यांची ही पकड कमी करायला लोक रात्रभर हेडफोन पुस्तकांच्या गठ्ठ्यावर किंवा खोक्यावर ताणून ठेवतात. लेखात मी ते लिहिलंही होतं, पण तो बहुधा उरलेला अर्धा लेख असावा. (प्लास्टिकच्या पट्टीवर हा प्रयोग करू नका, तडा जातो.) इथपर्यंत तुमचं बरोबर असं धरू.

दुसरा बदल उलट्या दिशेनं होतो. कुशनमधला फोम दबतो. नवीन असताना कान आणि आतली जाळी यांच्यात जी पोकळी असते, ती महिन्यागणिक कमी होते. ज्यांचे कान डोक्याला चिकटून आहेत त्यांना फरक कळणार नाही. माझ्यासारखे ज्यांचे कान बाहेर आलेले आहेत, त्यांचा कान एके दिवशी आतल्या जाळीला टेकतो. एकदा टेकला की तो हेडफोन संपला असं समजा, मग कुशन बदला किंवा हेडफोन बदला. म्हणजे पहिल्या दिवशी छान वाटलेला हेडफोन वर्षानं चावायला लागतो. तुमची चप्पल असं करते का?

म्हणूनच मी कुशनवर इतकं लिहिलं. भोक किती मोठं, खोली किती, कुशन सुटं विकत मिळतं का. ऑडिओ-टेक्निकाचा एम-फिफ्टी-एक्स हा आवाजाच्या बाबतीत नावाजलेला हेडफोन, पण त्याच्या कुशनचं भोक लहान आणि उथळ आहे. मोठ्या कानाचा माणूस त्यात कान दुमडूनच बसवतो. त्या माणसाला तुम्ही काय सांगणार, लाड नको?

‘लाड’ या शब्दावर मी थांबतोय, कारण तो मी आधी ऐकलेला आहे. पदवीनंतर पुण्यात मी रात्रपाळीला कॉल सेंटरमध्ये होतो. कंपनीचं नाव घेत नाही. तिथे कानावर टेकणारे, पातळ स्पंजचे हेडसेट मिळायचे, तेही आधीच्या पाळीतल्या माणसाच्या घामासकट. अख्खी पाळी तो डोक्यावर. पहाटे बसमध्ये बसलं की डाव्या कानाची वरची कड हात लावू देत नसे. आमच्या टीम लीडरला सांगितलं तर तो म्हणाला, सवय होईल, पहिल्या महिन्यात सगळेच कुरकुरतात. सवय झाली नाही. झालं एवढंच की सगळेजण हेडसेट थोडा मागे सरकवून, अर्धा कान बाहेर ठेवून काम करायला शिकले, समोरच्याचं बोलणं नीट ऐकू येईना, म्हणून आवाज वाढवायला लागले. त्या पाळीतल्या किती जणांना आज पंख्याच्या आवाजात समोरच्याचं बोलणं दोनदा विचारावं लागतं ते मला ठाऊक आहे, कारण त्यांतले काही माझे मित्र आहेत आणि एक मी. तेव्हा दुखऱ्या कानाबद्दल कुणी मला नखरे म्हणून ऐकवणार असेल तर त्यानं आधी तशी एक पाळी काढून यावं. माझे कान तुमच्या सल्ल्याआधीपासून दाबले जात आहेत.

आणि केवळ माझ्या कानाचा दाखला नको असेल तर हे घ्या. डोकेदुखीचं जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण डॉक्टर वापरतात, त्याच्या २०१८च्या तिसऱ्या आवृत्तीत बाहेरच्या दाबामुळे होणारी डोकेदुखी हा वेगळा प्रकार नोंदलेला आहे. हेल्मेट, घट्ट टोपी, पोहण्याचा चष्मा यांनी होणारी. तिची ओळखच अशी दिलेली आहे की दाब पडत राहिला तर तासाभरात सुरू होते आणि दाब काढला की तासाभरात थांबते. आता आठवून बघा, रँक्ड, म्हणजे क्रमवारीसाठीचे, सामने खेळताना तिसऱ्या-चौथ्या सामन्यानंतर ‘आज डोकं जड झालंय’ म्हणून आपण स्क्रीनला दोष देतो, झोपेला दोष देतो. हेडफोन काढून अर्धा तास गच्चीवर गेलं की बरं वाटतं, आणि मग वाटतं मोकळ्या हवेनं बरं वाटलं. कधीतरी हेडफोन न काढता गच्चीवर जाऊन बघा.

ग्रॅमबद्दल. ‘अर्धा लेख ग्रॅमवर’ असं तुम्ही म्हणता, पण मी ग्रॅमवर भरवसा ठेवू नका असंच लिहिलं होतं. आकडे पुन्हा देतो. सेनहायझरचा एचडी ५६०एस २४० ग्रॅम, बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो २७०, ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स ३८५च्या आसपास, ऑडिझीचा मॅक्सवेल ४९०. लॉजिटेकचा जी-४३५ तर १६५ ग्रॅम, पण त्याची कुशनं मोठ्या कानाला पुरत नाहीत, तेव्हा हलका असूनही तो कानाभोवती न बसता कानावर टेकतो. उलट स्टीलसीरीजच्या आर्क्टिसमध्ये बर्फावर घसरणाऱ्यांच्या गॉगलला असतो तसा ताणता येणारा कापडी पट्टा आहे. तो वजन टाळूच्या एका बिंदूवर न ठेवता पसरवतो, म्हणून जड असूनही पुष्कळांना तो तासन्‌तास सोसतो. टाळूच्या मध्यावर दोन बोटांएवढी जागा असते, तिथे सगळं वजन आलं की केस ओढल्यासारखं होतं. दुकानात पाच मिनिटांत ते कळत नाही. अर्धा तास डोक्यावर ठेवून, मान खाली-वर करून बघा, असं मी लिहिलं ते यासाठी. दुकानदार वैतागतो, वैतागू द्या.

चष्म्याचा विषय तुम्ही काढलाच नाही, यावरून तुम्हाला चष्मा नसावा. मला शाळेपासून आहे. चष्म्याची काडी कान आणि डोक्यामध्ये असते, तिच्यावर कुशन दाबलं की कानामागच्या हाडावर रेघ उमटते. शिवाय काडीमुळे कुशनला फट राहते. रेक्झिनसारख्या गुळगुळीत कुशनमधून त्या फटीतून बेस, म्हणजे खर्जाचा आवाज, गळतो. बेस कमी लागला की आपण आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेनं प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे, ९० डेसिबलला तीच ४ तासांवर येते. म्हणजे शनिवारची एक रात्र. कापडी, मखमली कुशन काडीभोवती जुळवून घेतं आणि घामही कमी येतो, म्हणून डीटी ७७० प्रोचं नाव मी चष्मेवाल्यांसाठी घेतलं. त्याची पकड सुरुवातीला घट्ट असते हेही तिथेच लिहिलं होतं. मखमलीत घाम आणि कोंडा मुरतो, ते काढून धुवावं लागतं, आणि ते सुटं मिळतं. नागपुरात मे महिन्यात रेक्झिनचं कुशन लावून दोन तास बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. कान काढला की भजी तळून काढल्यासारखा निघतो.

हो, मे महिन्यावरून तुमचा कूलर आठवला. ओपन-बॅक म्हणजे ज्याची मागची बाजू उघडी, जाळीची असते तो हेडफोन. कूलर चालू असताना तो घातला तर कूलर ऐकू येणारच, त्याच्यावर मात करायला आवाज वाढणार, हे तुम्ही म्हणणार हे मी लेख लिहितानाच धरून चाललो होतो. ‘स्वतंत्र, शांत खोली असेल तर’ असे शब्द मी घातले होते. ते वाक्य वगळून ओपन-बॅक आपल्याकडे कोण वापरणार असं विचारायचं, याला वाचन म्हणत नाहीत. ज्यांच्याकडे खोली आहे ते वापरतात. त्यांची संख्या किती, कमी की जास्त, ती पंचाईत माझी नाही.

किमतीचं म्हणाल तर प्रत्येकाचा खिसा मला दिसत नाही. लेखात हजार-दीड हजारापासून पुढे पाहिलं होतं. स्वस्तातला हेडफोन घेऊन त्याला जाड, खोल कुशन वेगळं घालायचं, ही युक्तीही दिली होती. पंधरा हजारांचं मॉडेल एकच होतं आणि नेमकं तेच तुम्हाला दिसलं.

बाकीच्या वाचकांसाठी एक राहिलेली गोष्ट. स्वस्त हेडफोनला दुसरं कुशन घालण्याआधी मूळ कुशनच्या कडेचं माप घ्या, गोल आहे की लांबट ते बघा, आणि जास्त जाड कुशन लावलं की स्पीकर कानापासून लांब जातो, त्यानं आवाजाचा पोत बदलतो, हे लक्षात ठेवा. व्हॅलोरंटसारख्या गोळीबाराच्या गेममध्ये शत्रूची पावलं कुठून येतात हे ओळखण्यात पहिले काही दिवस गडबड होईल. या बाबतीत मात्र सवय होते, कारण सवय कानाच्या कूर्चेला नाही, मेंदूला करायची असते. प्रतिक्रिया देणाऱ्या साहेबांना हा मुद्दा हवा असेल तर घ्यावा, तो त्यांच्या बाजूनं मांडता येईल असा आहे.

आणि साहेब, तुम्ही कोणता हेडफोन वापरता, सलग किती वेळ, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. चार दिवसांत बसलेलं ते मॉडेल कोणतं, ते तरी सांगा. मी घेऊन बघतो, विकत. दुखलं नाही तर तसं लेखात लिहीन, दुखलं तर तेही लिहीन. फक्त पुढच्या वेळी ‘लाड’ आणि ‘चालू द्या’ हे दोन्ही घरी ठेवून या, म्हणजे उत्तराला इतका उशीर होणार नाही.