विमान घरीच बनवलंय? मग उडवा की दुपारी एकला!

झालं ना विमान तयार, राजेहो? मग मुहूर्त काढा. मे महिना, टळटळीत दुपार. जाणकार सांगतील, पहाटे उडवा, तेव्हा वारा पडलेला असतो, हवा थंड अन् दाट असते. 45 अंशांत हवा विरळ होते, पंखांना उचल मिळत नाही, इंजिन दम टाकतं, जमीन सोडायला कितीतरी लांब पळावं लागतं. सगळं खरं. पण आमदारसाहेब नऊच्या आत उठत नाहीत, आणि त्यांनी झेंडी दाखवल्याशिवाय उडालेलं विमान हिशेबात धरतं कोण?

वजन मात्र करा. प्रत्येक चाकाखाली काटा लावून गुरुत्वमध्य कुठे पडतो ते काढतात. तो फार मागे सरकला तर नाक वर जातं, आणि मग दांडी कितीही पुढे रेटा, ते खाली यायचं नाव घेत नाही. तुम्ही आपला कापूस मोजणाऱ्या व्यापाऱ्याचाच काटा आणा. क्विंटलमागे दोन-तीन किलो खायची सवय असलेला काटा विमानाचंही वजन खाईल. इतकी वर्षं ज्यानं बुडवलं, त्यानं एकदा तरी उचलावं!

परवानगीच्या भानगडीत पडू नका. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांना नोंदणीसाठी वर्षानुवर्षं खेटे घालावे लागले. ती मिळाली 2017 मध्ये. तुम्हाला ग्रामपंचायतीचा दाखला बास : ‘सदर विमान उडण्यास हरकत नाही.’

धावपट्टीला पऱ्हाटी उपटलेलं वावर आहेच. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, बैलाचा खूर आत जाईल एवढ्या. त्यावर बारदाना अंथरा. आधी हळू, मग जोरात, नुसतं जमिनीवर पळवून ब्रेक अन् सुकाणू तपासतात म्हणे. असलं काही करू नका. पब्लिक म्हणेल, ‘काऊन बे, टॅक्टर हाय का हे?’

राइट बंधूंचं बघा. तीन वर्षं ग्लायडर उडवून हात बसवला, आणि 17 डिसेंबर 1903 ला पहिलं उड्डाण झालं 12 सेकंदांचं. बघायला माणसं पाच. आपल्याकडे 12 सेकंदांत नारळ फुटत नाही.

पहिल्या खेपेला वैमानिकानं एकट्यानंच बसावं, असा दंडक आहे. पण इंजिनाला पैसे भाऊजींनी दिलेत. त्यांना मागे बसवा, डबा घेऊन. वर जाताच इंजिन बंद पडलं तर सरळ समोरच उतरवायचं असतं; मागे वळायला गेलं की वेग मरतो आणि विमान दगडासारखं खाली येतं. पण समोर पाटलांची संत्र्याची बाग, अन् फोटोवाला उभा मंडपापाशी. तेव्हा वळाच.

पत्रिका छापून आली आहे. दीपप्रज्वलन, सत्कार, मार्गदर्शन, उड्डाण, आभारप्रदर्शन, महाप्रसाद. उतरण्याचा उल्लेख राहून गेलाय. पण आता हट्ट धरू नका, पाचला मंडपवाला सामान उचलणार आहे.