एमी वाइनहाउसचा अल्बम दारूने लिहिलेला नाही

रविवारी सकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज येऊन पडला. वर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का, खाली एमी वाइनहाउसचा फोटो, तोच उंच अंबाडा आणि डोळ्यांच्या कडेपर्यंत ओढलेलं जाड काजळ. मजकूर थोडक्यात असा: या ब्रिटिश गायिकेने आपला दुसरा अल्बम 'बॅक टू ब्लॅक' एका रात्रीत, नशेत लिहिला. संगीत वगैरे सगळं पुरुष निर्मात्यांचं. त्यात तिने स्वतःच्या मृत्यूचं भाकीत केलं, व्हिडिओत स्वतःची अंत्ययात्राही दाखवली आणि २७ या शापित वयात ड्रग्जच्या ओव्हरडोसने ती गेली. शेवटची ओळ ठळक अक्षरांत: 'व्यसनमुक्ती केंद्रात जाणार नाही हे तिने गाण्यातच सांगून ठेवलं होतं. गेली असती तर जगली असती, पण कला मेली असती.'

एरवी मी असलं काही वाचून पुढे जाते. पण माझा मामेभाऊ केंद्रातून घरी आला त्याला आत्ता कुठे चार महिने झालेत. तो गिटार वाजवतो. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा, तिथेच प्यायला लागला. दुपारी मामीचा फोन आला, "अगं, तो सकाळपासून तो मेसेज उघडून बसलाय." संध्याकाळी त्याचाच मेसेज आला, एका ओळीचा: "ताई, यात काहीतरी खरं असेल ना?"

तळपायाची आग मस्तकात गेली. हा अल्बम मी गेली कित्येक वर्षं ऐकते आहे, त्यामुळे उत्तर द्यायला मला फार शोधाशोध करावी लागली नाही.

आधी ते 'एका रात्रीत'. तिचा पहिला अल्बम 'फ्रँक' ऑक्टोबर २००३ मधला, 'बॅक टू ब्लॅक' ऑक्टोबर २००६ मधला. मध्ये तीन वर्षं आहेत. एका रात्रीची गोष्ट खरी आहे ती फक्त शीर्षकगीतापुरती, तेवढं मान्य करते. मार्च २००६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ती निर्माता मार्क रॉन्सनला भेटली. तिने त्याला शांग्री-लाज या साठच्या दशकातल्या मुलींच्या गटाची गाणी ऐकवली, त्याने रातोरात पियानोचे ते जड, घुमणारे स्वर बसवले आणि त्यावर तिने तासाभरात शब्द लिहिले. अकरातलं एक गाणं. बरं, तेही कसं लिहिलं? रॉन्सनने स्वतः सांगितलंय की धृपदात यमक जुळत नव्हतं म्हणून त्याने ओळ बदलायला सुचवली, तर तिने कोऱ्या नजरेने त्याच्याकडे पाहिलं. जे आलंय ते असंच आलंय, मग बदलायचं कशाला? ओळ तशीच राहिली. आज त्या गाण्यातली तीच ओळ सगळ्यांना पाठ आहे. आपल्या शब्दांवर इतका ठाम भरवसा असलेल्या बाईला 'नशेत काहीतरी खरडलं' म्हणणं मला सहन होत नाही.

'सगळं पुरुषांनी केलं' याचं उत्तर अल्बमच्या श्रेयनामावलीत आहे, ती वाचायला दोन मिनिटं लागतात. ब्रिटनमध्ये निघालेल्या आवृत्तीत अकरा गाणी. त्यातली सात तिने एकटीने लिहिलेली, शब्द आणि चाल दोन्ही. उरलेल्या चारांत ती सहलेखक. निर्मितीत सहा गाणी रॉन्सनची, पाच सलाम रेमीची. हा रेमी म्हणजे नॅस हा अमेरिकन रॅपर आणि फ्युजीज हा रॅप गट यांच्याबरोबर काम केलेला माणूस, हिप-हॉपमध्ये मुरलेला. एमीही नॅसची इतकी चाहती की एक अख्खं गाणं तिने त्याच्यावर लिहिलंय. जुनं अमेरिकन सोल संगीत आणि हिप-हॉप यांचा जो सांधा या अल्बममध्ये जमलाय, तो या तिघांनी मिळून जमवला. रॉन्सनच्या गाण्यांना तो खरखरीत ठेका दिला ब्रुकलिनच्या डॅप-किंग्ज या वाद्यवृंदाने, त्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण आयव्हर नॉव्हेलो हा ब्रिटनमधला गीतलेखनाचा पुरस्कार २००७ मध्ये 'रिहॅब'साठी (केंद्रात जाणार नाही म्हणणारं ते गाणं हेच) आणि २००८ मध्ये 'लव्ह इज अ लूझिंग गेम'साठी तिला मिळाला, आणि ही दोन्ही गाणी तिने एकटीने लिहिलेली आहेत.

आता भाकीत आणि अंत्ययात्रा. शीर्षकगीताच्या कृष्णधवल व्हिडिओत काळ्या मोटारी आहेत, शोकाकुल माणसं आहेत, दफनभूमी आहे, हे खरं. पण तो दफनविधी तिच्या हृदयाचा आहे. मूळ व्हिडिओत शेवटी थडग्याचा दगड दिसायचा, त्यावर एमी वाइनहाउसच्या हृदयाला शांती लाभो असंच कोरलेलं होतं. ती गेल्यावर ते दृश्य काढून टाकलं. एक माणूस तिला सोडून जुन्या मैत्रिणीकडे परतला आणि तिला काळोखात परतावं लागलं, एवढीच त्या गाण्याची गोष्ट आहे. मन मोडल्यावर 'मी मेले' असं आपल्याकडच्या लावणीतली आणि विराण्यांतली बाईही म्हणते. तिने भविष्य वर्तवलं असं कोणी म्हणत नाही.

२७ च्या शापाने तर डोकंच फिरतं. जोन्स, हेंड्रिक्स, जॉप्लिन, मॉरिसन, कोबेन अशी सत्ताविसाव्या वर्षी गेलेल्या रॉक संगीतकारांची पाच नावं घ्यायची, सहावी एमी जोडायची आणि अंकशास्त्राचा बादरायण संबंध लावायचा. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डिसेंबर २०११ मध्ये, म्हणजे ती गेल्यावर पाचच महिन्यांनी, नेमक्या याच प्रश्नावरचा अभ्यास छापून आला. १९५६ ते २००७ या काळात ज्यांचा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला असे १,०४६ संगीतकार त्यांनी तपासले. त्यातले ७१ जण मरण पावलेले होते. सत्ताविसाव्या वर्षी मृत्यूचं प्रमाण दर शंभर संगीतकार-वर्षांमागे (एक संगीतकार एक वर्ष जगला की एक संगीतकार-वर्ष) ०.५७, पंचविसाव्या वर्षी ०.५६, बत्तिसाव्या वर्षी ०.५४. सत्तावीसवर कसलाही उंचवटा नाही. मग पंचवीसचा शाप का नाही? बत्तीसचा का नाही? याच अभ्यासात एक गोष्ट मात्र निघाली, आणि ती मी लपवणार नाही: विशीत आणि तिशीत या प्रसिद्ध संगीतकारांना मृत्यूचा धोका ब्रिटनमधल्या सर्वसामान्य लोकांच्या दोन ते तीन पट होता. तेव्हा 'कलाकार लवकर जातात' यात तथ्य आहे. पण ज्याला शाप म्हटलं की हात जोडून बसता येतं, त्याला धोका म्हटलं की काहीतरी करावं लागतं. माझ्या भावाच्या बाबतीत आम्हाला काहीतरी करायचं आहे.

'ड्रग्जचा ओव्हरडोस' हेही साफ चूक. २३ जुलै २०११ रोजी ती लंडनमधल्या कॅम्डेनच्या घरी मृतावस्थेत सापडली. चौकशीत तिच्या शरीरात कोणताही बेकायदा अमली पदार्थ आढळला नाही. रक्तात दारू होती, दर १०० मिलिलिटरला ४१६ मिलिग्रॅम. तिथे गाडी चालवण्याची मर्यादा तेव्हा ८० होती. पहिल्या चौकशीच्या अधिकारी नियमानुसार पात्र नव्हत्या असं निघालं, म्हणून जानेवारी २०१३ मध्ये चौकशी पुन्हा झाली. निष्कर्ष तोच: दारूची विषबाधा. हा तपशील मी मुद्दाम ठासून सांगते, कारण 'ड्रग्ज' म्हटलं की आपल्या घरातल्या माणसांना हायसं वाटतं. आमचा मुलगा तसलं काही घेत नाही, फक्त पितो. ती बाई 'फक्त' दारूने गेली. आणि त्याआधी काही आठवडे तिने दारू थांबवली होती. थांबवल्यावर शरीराची सवय मोडते, मग जुन्याच मापाने पुन्हा ओतली की ती झेपत नाही. हे केंद्रातल्या डॉक्टरांनी माझ्या मामीला समोर बसवून समजावलं होतं.

आता ती ठळक अक्षरांतली ओळ. 'कला मेली असती.'

भावाला मी फोनवर विचारलं, तिचा तिसरा अल्बम कुठला? तो म्हणाला, माहीत नाही. नाहीच आहे, म्हटलं. ऑक्टोबर २००६ ते जुलै २०११, जवळजवळ पाच वर्षं. याच काळात तिचं व्यसन सर्वांत वर गेलेलं होतं. नशेनेच गाणी होत असती तर या पाच वर्षांत कपाट भरलं असतं. एकही नवा अल्बम आला नाही. डिसेंबर २०११ मध्ये जो निघाला तो ती गेल्यानंतर, आधीची ध्वनिमुद्रणं आणि काही सुटे तुकडे एकत्र करून. जून २०११ मध्ये बेलग्रेडला ती मंचावर उभी राहिली आणि स्वतःची गाणी तिला गाता आली नाहीत. लोकांनी हुर्यो केली, दौरा रद्द झाला. ग्रॅमीच्या वेळी, २००८ मध्ये, अमेरिकेचा व्हिसा आधी नाकारला गेला आणि मिळाला तेव्हा उशीर झाला होता. पाच पुरस्कार मिळाले त्या रात्री ती लंडनमधून उपग्रहावरून गात होती. दारूने आणि नशेने तिला काय दिलं याचा हिशोब मांडायचा तर तो असा आहे.

मग गाणी कशाने झाली? भावाला मी एक उदाहरण ऐकायला पाठवलं. 'टिअर्स ड्राय ऑन देअर ओन' हे गाणं मुळात संथ, रडवेलं होतं. ती मूळ आवृत्ती त्या मरणोत्तर अल्बमवर आहे. 'बॅक टू ब्लॅक'वर तेच शब्द मोटाउन या अमेरिकन सोल कंपनीच्या एका जुन्या गाण्याच्या स्वरावळीवर, झपाझप चालत येतात. म्हणून तर लेखकांत त्या जुन्या गाण्याचे लेखक अ‍ॅशफर्ड आणि सिम्पसन यांचीही नावं आहेत. शब्दांतलं दुःख तेवढंच आहे, पण आता बाई डोळे पुसत रस्त्याने ताडताड चालल्यासारखी वाटते. असा बदल कुणाला तरी सुचावा लागतो, करून बघावा लागतो, जुनं मोडून टाकायची तयारी लागते. याला कारागिरी म्हणतात. गिटारवर एकच गाणं दोन लयींत वाजवून बघ, म्हटलं त्याला. मग तुला कळेल त्यात बाटलीचं काम कुठे आहे ते.

दुःख होतं, ते मी नाकारत नाही. ते नसतं तर हा अल्बम नसता. पण प्रेमभंगाचं दुःख आणि दारू एकच आहेत असं धरून चालणाऱ्या मेसेजने माझ्या भावाला नेमकं ते सांगितलं, जे प्यायची तलफ त्याला रोज रात्री सांगते.

राहता राहिलं 'रिहॅब'. ते भाकीतही नाही आणि सल्लाही नाही. घडलेला प्रसंग आहे. न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून चालताना ती रॉन्सनला सांगत होती की जवळच्या माणसांनी मला केंद्रात न्यायचा प्रयत्न केला आणि मी नाही म्हटलं. तो म्हणाला, याचं गाणं कर. त्या गाण्यात तर आपले वडील आपल्याला ठीकच समजतात असंही ती म्हणते. फॉरवर्ड करणाऱ्याने गाणं इथेच थांबवलं. पुढे जानेवारी २००८ मध्ये ती उपचारासाठी दाखल झाली हे त्याने सांगितलं नाही. सप्टेंबर २०११ मध्ये, तिच्या वाढदिवशी, त्याच वडिलांनी आणि घरच्यांनी तिच्या नावाने संस्था सुरू केली, ती शाळांमधून मुलांशी दारू आणि ड्रग्जबद्दल बोलते, हेही नाही. व्यसनातून बाहेर पडणाऱ्या तरुण मुलींना राहता यावं म्हणून त्या संस्थेने २०१६ मध्ये लंडनमध्ये 'एमीज प्लेस' नावाचं घर उघडलं. जिच्या नावाने केंद्राला नाही म्हणायला शिकवताय, तिचंच नाव अशा घराला दिलंय.

हे सगळं मी कालच ग्रुपवर टाकलं. ज्या काकांनी तो मेसेज पाठवला होता त्यांनी तो काढून टाकला, त्यांचे आभार. भावाने दोन्ही लयी वाजवून रेकॉर्डिंग पाठवलंय, संथ लयीत त्याचा हात अजून थरथरतो. गुरुवारी त्याची केंद्रात तपासणीची तारीख आहे, मी सोबत जाणार आहे.