लावलेली पाटी कोण काढणार?

सात रस्ता चौकात भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स रात्रीत उभा राहतो. वाढदिवस सरतो, भाऊ मात्र महिनाभर हसत असतात. टर्मिनलच्या, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडक्यांचंही तेच. स्क्रिप्ट (कमांडची फाइल) हौसेनं वर शीर्षकात 'बॅकअप चालू आहे' लिहिते आणि मध्येच मरते. पाटी तशीच. "काय बे, बॅकअप संपेना का तुझा?" असं विचारत सगळे त्या खिडकीला वळसा घालून जातात.

पाटी लावणं एका ओळीचं काम: प्रिंटएफ या छापणाऱ्या कमांडनं एस्केप (०३३), बंद चौकोनी कंस, २, अर्धविराम, मजकूर, शेवटी बेल (००७). अंक इंग्रजीच टाका, बॅशला (कमांड चालवणाऱ्या शेलला) मराठी येत नाही. बेल विसरलात तर पुढचं आउटपुटही टर्मिनल शीर्षक समजून गिळत बसतं. आणि त्यासाठी एको वजा ई (छापायची दुसरी कमांड) नको. उबुंटू या लिनक्समध्ये एसएच म्हणजे डॅश हा दुसरा शेल. तो ते 'वजा ई'सुद्धा इमानदारीत छापतो.

खरा घोळ काढताना. जुनं शीर्षक टर्मिनललाच विचारावं, तर उत्तर कीबोर्डवरून टाइप केल्यासारखं येतं. कुणी शीर्षकातच कमांड लपवली असेल तर? म्हणून एक्सटर्म हा टर्मिनल सेटिंग बदलल्याशिवाय उत्तरच देत नाही. विचारू नये, थप्पी लावावी. चादरींच्या दुकानात असते तशी: एस्केप, उघडा कंस, २२;२ आणि छोटा टी, की जुनी पाटी थप्पीवर; २२च्या जागी २३, की सगळ्यात वरची परत. इथे कंस उघडा, तिथे बंद. निम्मे लोक इथेच घसरतात. शिवाय थप्पी प्रत्येक टर्मिनलकडे असेलच असं नाही.

हे सगळं डेव्ह-टीटीवायकडे, म्हणजे थेट टर्मिनलकडे पाठवा, नाहीतर लॉग फाइलीत कचरा. २३ची ओळ ट्रॅपमध्ये, एक्झिटवर, म्हणजे स्क्रिप्ट संपताना ती आपोआप चालते. बॅशला तेवढं पुरतं, कंट्रोल-सी दाबलं तरी. डॅशला इंट (कंट्रोल-सी) आणि टर्म (साधं किल) हे सिग्नल वेगळे सांगावे लागतात.

उबुंटूत उलटाच ताप. तिथला पीएस-वन (प्रॉम्प्टचा, म्हणजे कमांड टाइप करायच्या ओळीचा साचा) दर प्रॉम्प्टला स्वतःची पाटी ठोकतो, त्यामुळे हातानं लावलेली पुढचं एंटर दाबेपर्यंतही टिकत नाही. सगळ्यात वाईट एसएसएच, म्हणजे दुसऱ्या मशीनवर दुरून शिरणं. समोरच्या मशीननं स्वतःचं नाव लिहिलं आणि आपला प्रॉम्प्ट पाटी बदलणारा नसला, तर बाहेर पडल्यावरही वर लाइव्ह सर्व्हरचंच नाव. त्या खिडकीत आरएम (फाइली पुसणारी कमांड) मारताना वैशाखात अंगावर काटा येतो.

स्क्रिप्टला जागीच ठार करणाऱ्या किल वजा नऊपुढे ट्रॅपचंही काही चालत नाही. मग शिडी लावून आपणच चढायचं: त्याच खिडकीत २३ची ओळ हातानं टाइप करायची. कंस उघडा.