भोंगा कोणाकडे आहे?

शिडाच्या होड्यांची शर्यत लावायला वारा लागतो, होड्या लागतात आणि भोंगा वाजवायला एक माणूस लागतो. वारा आणि होड्या आपल्या पायांनी येतात अशी आमच्या क्लबात श्रद्धा आहे. माणूस मात्र पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून धरून आणावा लागतो. शनिवारी रात्री संदेश येतो, 'उद्या कमिटी बोटीवर', म्हणजे जिच्यावरून शर्यत चालवतात त्या बोटीवर, 'माणसं कमी आहेत.' त्यावर सगळे पालक भराभर हात जोडल्याचं चित्र टाकतात, कुणी 'ग्रेट वर्क टीम' लिहितो, आणि ज्याने नुसतंच वाचून फोन उशाखाली सरकवला त्याला थेट कॉल येतो. तो मी.

कमिटी बोट म्हटल्यावर पांढरीशुभ्र, गुबगुबीत गाद्यांची नौका डोळ्यांसमोर आली असेल तर ती पुसून टाका. ही एक जुनी लाकडी लाँच. तिला एक डोलकाठी, डोलकाठीवर नारिंगी झेंडा आणि मागे एक ताडपत्री. त्या ताडपत्रीखाली बसायचा पहिला मान कागदांचा. नौदलातून निवृत्त झालेले कमांडरसाहेब रेस ऑफिसर. बँकेत जन्मभर कॅश मोजलेल्या एक काकू नोंदीला. झेंड्यांवर कॉलेजातला एक पोरगा. भोंग्यावर मी. आम्ही सगळे हौशी, बिनपगारी. पगार फक्त तांडेलला, आणि बोटीवर शांतही फक्त तोच असतो.

पत्रकात पहिली शर्यत अकराला असते. मुंबई बंदराचा थोडाही अभ्यास असलेल्या माणसाने ही वेळ ठरवली असेल असं मला वाटत नाही. सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा तोवर मान टाकतो आणि वायव्येचा खारा वारा अजून जेवून उठलेला नसतो. मधल्या वेळात पाणी तेलासारखं सपाट. मग लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा 'एपी' झेंडा वर जातो, मी दोन भोंगे देतो आणि शर्यत 'पुढे ढकलली' असं जाहीर होतं. कुठवर, ते झेंडा सांगत नाही. कमांडरसाहेबही सांगत नाहीत. ते १९८२च्या एशियाडवर येतात. त्या शर्यती याच मुंबईच्या पाण्यात झाल्या होत्या आणि फायरबॉल होड्यांच्या वर्गात फारूख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सोनं मिळवलं होतं, हे आता मला झोपेतही म्हणता येतं. तेव्हाही वाऱ्याची अशीच वाट बघितली होती का, हे विचारायची सोय नाही, कारण त्याचंही उत्तर आहे आणि ते लांब आहे.

तोवर मुलं कंटाळतात. ऑप्टिमिस्ट ही होडी अडीच मीटरहूनही आखूड. तीत एकच मूल, एक शीड आणि पाणी उपसायला कापलेली प्लास्टिकची बाटली. वारा नसला की ओहोटी त्यांना अलगद मांडव्याच्या दिशेने घेऊन जाते. मग रेस्क्यू बोट एकेकाला दोरीला बांधते आणि सगळी माळ ओढत परत आणते. माळेतल्या शेवटच्या मुलाला नेमकी तेव्हाच शू लागते.

वारा कधी येणार हे कमांडरसाहेब यंत्रावर बघतात, झेंडेवाला पोरगा ॲपवर बघतो आणि तांडेल ट्रॉम्बेच्या चिमण्यांच्या धुराकडे बघतो. "साहेब, आता घाई नको. पयला मोडंल, मग फिरंल," असं म्हणून तो बिडी पेटवतो. कमांडरसाहेब घाई करतात. वारा मोडतो आणि फिरतो. बिडी विझायच्या आत.

मग होड्यांनी वळसा घालायचा तो वाऱ्याच्या तोंडाशी टाकलेला फुगीर नारिंगी मार्क उचलून दुसरीकडे न्यायचा. स्टार्ट लाईन वाऱ्याला काटकोनात हवी आणि मार्क थेट वाऱ्याच्या दिशेला हवा. हे वॉकीटॉकीवर होतं.

"मार्क दहा डिग्री डावीकडे घे."

"कुणाच्या डावीकडे, सर?"

"माझ्या!"

"तुम्ही आत्ता कुठं तोंड करून उभे आहात, सर?"

प्रश्न अगदी रास्त आहे. नांगरलेली बोट वाऱ्याकडे तोंड करेल असं पुस्तकात असतं. मुंबई बंदरात ती भरती-ओहोटीकडे तोंड करते. उधाणाच्या दिवसांत इथे पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. त्या ओढीपुढे वाऱ्याचं काय चालणार?

आता मुख्य विधी. ही पाच मिनिटं म्हणजे थेट लग्नाचा मुहूर्त: सगळे घड्याळाकडे बघताहेत आणि ज्याच्या हातात अक्षता तोच गायब. पाच मिनिटं उरली की वर्गाचा झेंडा वर, एक भोंगा. चार मिनिटं उरली की निळ्यात पांढरा चौकोन असलेला 'पी' वर, एक भोंगा. एक मिनिट उरलं की 'पी' खाली, एक लांब भोंगा. शून्यावर वर्गाचा झेंडा खाली, भोंगा, सुटले! मोजणी काकू करतात. "दहा, नऊ, आठ..." त्या आवाजात काउंटर बंद व्हायच्या वेळची सगळी जरब उतरलेली असते. नेमकं चारावर येताना भोंग्याच्या डब्यातला गॅस संपतो आणि त्यातून म्हाताऱ्या बदकासारखा उसासा बाहेर पडतो. मी शिट्टी फुंकतो. कमांडरसाहेब मागे न बघता ओरडतात, "भोंगा कोणाकडे आहे?"

अशाच एका रविवारी मी नियमपुस्तक उघडून माझं काम काय आहे ते वाचलं. वर्ल्ड सेलिंग या जागतिक संस्थेच्या नियमांत सव्विसावा नियम शर्यतीच्या सुरुवातीचा. त्यात म्हटलंय की वेळ झेंड्यांवरून धरावी. आवाज झाला नाही तर त्याकडे दुर्लक्ष करावं. म्हणजे साऱ्या जगातल्या शिडाच्या शर्यतींत माझ्या जागेविषयी एकच तरतूद आहे, आणि ती मी नसल्यास काय करावं याची आहे. हा परिच्छेद मी कमांडरसाहेबांना वाचून दाखवला. "करेक्ट," ते म्हणाले, "आता लांब भोंगा द्या."

भरती असली की पाणी उत्तरेकडे ओढतं आणि वारा वायव्येचा. मग मुलांनी काहीही केलं नाही तरी होड्या आपसूक लायनीपलीकडे वाहत जातात. एखादी वेळेआधी गेली तर तिला परत बोलवायला पांढऱ्यावर निळी फुली असलेला 'एक्स' झेंडा आणि एक भोंगा. हा आपल्यासाठी नाही याची प्रत्येक मुलाला खात्री असते. सगळीच गेली तर जनरल रिकॉल, दोन भोंगे, पुन्हा पहिल्यापासून. दोनदा असं झालं की कमांडरसाहेब काळा झेंडा काढतात. त्याखाली शेवटच्या मिनिटात लायनीपुढे सापडलेला थेट बाद. काळा झेंडा बघून मुलं इतकी मागे राहतात की या वेळी लाईन एकटी एलिफंटाची लाँच ओलांडते. वरच्या डेकवरचे पर्यटक आम्हाला हात करतात. काकू सवयीने तिचाही नंबर शोधतात.

एकदा काळ्या झेंड्याखाली काकूंनी एक शीड नंबर टिपला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "तुमचीच ना?" माझीच होती. बाद. काकूंनी कॅशियरच्या अक्षरात नंबर लिहून खाली रेघ मारली. त्या रात्री घरी मुलीने मला मीठसुद्धा आईमार्फत मागितलं. आईने मला विचारलं, "तू बोटीवरच होतास ना? मग सांगता आलं नाही का काही?" झेंडा खरा, आवाज गौण, हे मी दोघींना समजावायचा प्रयत्न केला. त्यांनी नियमाप्रमाणे आवाजाकडे दुर्लक्ष केलं.

शर्यत संपवणं तुलनेने सोपं. पेन्सिलीने लिहायचं, कारण शाई पाण्याने पळते. आठ होड्या एकदम आल्या की सगळ्यांनी एकाच वेळी वेगवेगळे नंबर ओरडायचे आणि काकूंनी आपल्याला जो पटेल तो लिहायचा.

खरा दिवस किनाऱ्यावर सुरू होतो, प्रोटेस्टच्या, म्हणजे तक्रारींच्या टेबलाशी. टेबलावर प्लास्टिकच्या छोट्या होड्या मांडलेल्या. उजवीकडून वारा घेणारी होडी स्टारबोर्ड टॅकवर, आणि डावीकडून घेणारीने तिला वाट द्यायची, हा साधा नियम. पण दोघी मुली आपापल्या साक्षीनुसार स्टारबोर्डवर होत्या आणि दोघी समोरासमोरून आल्या होत्या. वारा त्या दिवशी दोन ठिकाणांहून वाहत असणार. मुलींनी सरबत पिऊन केव्हाच समेट केला. खिडकीबाहेर त्यांचे वडील मात्र मोबाइलवरचे व्हिडिओ लावून उभे.

सामान आवरताना कमांडरसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी धीर करून म्हटलं, "सर, ऑप्टिमिस्टला पंधरा वर्षांपर्यंतचीच अट ना? म्हणजे आता फार दिवस नाहीत माझे."

"अरे, मग ती लेझर होडीत जाईल," ते ओले झेंडे माझ्या खांद्यावर टाकत म्हणाले. "त्याला वयाची अट नाही. सत्तरीतले लोक अजून शर्यती मारतात."